झाडावरचे बलुतेदार

उन्हाळा तापायला लागला की आमच्या सोसायटीमागच्या उंबरावर कुणीतरी ठोकायला बसतं. टुक, टुक, टुक, टुक. सकाळी साडेसातला जे सुरू होतं ते दुपारी माणसं आडवी झाली तरी थांबत नाही. यंदा परीक्षा संपवून माझा नऊ वर्षांचा भाचा राहायला आला होता. पहिले दोन दिवस त्याला वाटलं, पाण्याचा पंप बिघडलाय. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलंच.

"मावशी, हे कोण सारखं टुकटुक करतंय?"

"तांबट."

"तांबट म्हणजे?"

"पक्षी आहे. तांब्याची भांडी ठोकताना तांबट कसा आवाज करतो, तसा आवाज काढतो. म्हणून तांबट."

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे त्या भांडीवाल्या माणसाला पक्ष्याचं नाव ठेवलंय?"

मी चूक दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याच्या बाजूनं बघितलं तर बरोबरच होतं की. त्याच्या आयुष्यात आधी पक्षी आला होता. माणूस अजून यायचा होता.

दुर्बीण काढली. तांबट दिसायला वेळ लागतो, कारण पानात बसला की तो पानच होतो. चिमणीपेक्षा थोडा मोठा, गुबगुबीत, हिरवा. पण एकदा दिसला की हसूच येतं. कपाळावर लालभडक टिळा, गळा पिवळा, त्याखाली छातीवर लाल पट्टी, डोळ्यांभोवती पिवळी कडा. मुंजीतल्या बटूला कुणीतरी घाईघाईत नटवलंय असं वाटतं. आणि गंमत म्हणजे हा ओरडताना चोच उघडत नाही. चोच बंद, प्रत्येक टुकला गळा फुगतो, आणि मान इकडून तिकडे फिरते. मान फिरली की आवाज भलतीकडूनच आल्यासारखा वाटतो, म्हणून माणूस चुकीच्या फांद्या धुंडाळत बसतो. भाच्यानं मोबाइलवर वेळ लावून ठोके मोजले. मिनिटात शंभराच्या वर भरले. नक्की किती, यावर आमचं एकमत झालं नाही, कारण मध्येच मी शिंकले.

मग रविवारी त्याला कसब्यातल्या तांबट आळीत नेलं. माणूस दाखवायलाच हवा होता. आळी आता पूर्वीसारखी घुमत नाही म्हणतात, पण गल्लीत शिरलो तेव्हा दोन-तीन घरांतून ठोके येत होते. एका ओट्याच्या आत एक गृहस्थ मांडी घालून बसले होते. समोर जमिनीत रोवलेल्या जाडजूड लोखंडी दांड्यावर घंगाळ पालथं घातलेलं. उजव्या हातात हातोडी, डाव्या हातानं घंगाळ जरासं फिरवायचं, ठोका, फिरवायचं, ठोका. ठोक्याला ठोका लागून चालला होता, मध्ये रेघभरही जागा सुटत नव्हती. जिथे हातोडी पडून गेली तिथे तांबं खवल्याखवल्यांनी चमकत होतं, पुढचं अजून निस्तेज. ह्याला मठारकाम म्हणतात. नुसती नक्षी नाही ती. ठोकून ठोकून पत्रा कडक होतो, भांड्याला पोक येत नाही. भाचा अर्धा तास हलला नाही. निघताना त्यानं त्या काकांना सांगितलं, "आमच्याकडे पण एक तांबट आहे, पण तो दिसत नाही." काका म्हणाले, "आमच्यातले पण आता दिसत नाहीत."

हे सगळं मला आज्जीला सांगायचं होतं. पण तिला त्यात नवल वाटलं नसतं. तिचं गाव खटाव तालुक्यात, मायणीच्या बाजूला. दुष्काळी माळ, बाभळी, बोराट्या, आणि थोडं लांब मायणीचा तलाव. तिला शंभर पक्षी ओळखता येत नव्हते, पण जे येत होते त्यांचा तिच्याशी व्यवहार होता. ओढ्याच्या दगडावर काळापांढरा पक्षी शेपटी वरखाली आपटत धावायचा. आज्जी म्हणायची, "त्यो बघ परीट. धुणं न्हाय, पाणी न्हाय, तरी आपटतूय." पुस्तकात त्याला धोबी म्हणतात. मोठेपणी कळलं की फ्रेंच लोकही त्याला धुणाऱ्या बाईच्या नावानं ओळखतात, लाव्हांदिएर. एकाच शेपटीकडे बघून दोन मुलखांतल्या माणसांना एकच काम आठवलं. नदीवर धुणं सगळीकडे सारखंच आपटत असणार.

तसाच खाटीक. काळी पट्टी डोळ्यांवर बांधलेला, चोच पुढे वाकलेली, बाभळीच्या शेंड्यावर एकटा बसलेला. नाकतोडा धरतो, सरडा धरतो, आणि काट्याला टोचून ठेवतो. याची चोच शिकारी पक्ष्याची आहे, पण पाय नाहीत. घारीच्या पंजासारखी पकड नसल्यामुळे भक्ष्य दाबून धरून फाडता येत नाही. म्हणून काट्यालाच आकडा करतो, टांगतो आणि सवडीनं तोडतो. लहानपणी मी एका बोराटीवर ओळीनं टांगलेले चार नाकतोडे पाहिले होते. चौथा अजून पाय हलवत होता. लिनियसनं १७५८ साली याला लॅटिन नाव दिलं लेनियस. त्याचा अर्थ खाटीकच. स्वीडनचा पंडित आणि माझी आज्जी यांचं ज्या मोजक्या गोष्टींवर एकमत झालं असतं त्यातली ही एक.

या खाटकानं मला एकदा अडचणीत आणलं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी मोठ्या उत्साहानं लिहिलं, "आज सकाळी गेटबाहेरच्या मोकळ्या प्लॉटमध्ये खाटीक दिसला!" पाच मिनिटांत पहिलं उत्तर आलं, "मॅडम, किलोचा काय भाव लावतो?" दुसरं आलं, "रोज असतो की फक्त रविवारी?" मग कमिटीतल्या एका ज्येष्ठांनी मोठा संदेश टाकला की सोसायटीलगत असले प्रकार चालू देणार नाही, शिवाय आज शनिवार आहे. मी फोटो टाकला. त्यावर शांतता पसरली. अजूनही लिफ्टमध्ये भेटले की ते ज्येष्ठ विचारतात, "काय, खाटीक काय म्हणतोय?"

एकदा हा नाद लागला की झाडावर अख्खं गाव दिसायला लागतं. सुतार आहेच, खोड ठोकत. खंड्याच्या कुळाला धीवर म्हणतात, म्हणजे मासे मारणारा. भारद्वाजाला काही भागांत कुंभारकावळा म्हणतात. एकाच पक्ष्याला एकीकडे ऋषी केलं आणि दुसरीकडे मडकी घडायला बसवलं. माळावर डोंबारी आहे, चिमणीएवढा चंडोल, जो सरळ वर चढतो, दगडासारखा खाली येतो, जमिनीला टेकायच्या आत परत वर उसळतो. पिंगळा आहे, आणि तो तर दोन्हीकडे आहे. भल्या पहाटे कंदील घेऊन, कुडमुडं वाजवत दारी येणारा पिंगळा जोशी आणि आंब्याच्या ढोलीतलं ते वाटोळ्या डोळ्यांचं छोटं घुबड, दोघांचं नाव एक. जोशाला त्या पाखराची भाषा कळते आणि त्यावरून तो भविष्य सांगतो, असं गावात मानलं जायचं. त्या घुबडाचं शास्त्रीय नाव एथीनी ब्रामा. पहिली ग्रीकांची विद्येची देवी, दुसरे आपले ब्रह्मदेव. एवढ्या दोघांचा वरदहस्त असून बिचारं दिवसभर साळुंक्यांच्या शिव्या खातं.

गावात लबाडही हवेत. टकाचोर आहे, तांबूस अंगाचा, लांब शेपटीचा, दुसऱ्यांच्या घरट्यातली अंडी पळवणारा. वंचक आहे, म्हणजे ढोकरी. डबक्याच्या काठी मातकट रंगात इतका निश्चल बसतो की पाय पडेपर्यंत दिसत नाही, आणि उडाला की अचानक पांढरेशुभ्र पंख उघडतात. फसवलं हे त्यानं सांगून टाकल्यासारखं.

आणि या सगळ्यांवर नजर ठेवायला कोतवाल. काळाकुळकुळीत, शेपटी दुभंगलेली, तारेवर नाहीतर म्हशीच्या पाठीवर बसलेला. आकार बघावा तर बुलबुलाहून थोडा मोठा, पण घारीच्या पाठीवर जाऊन टोचा मारतो. त्याच्या घरट्याच्या झाडावर होले, बुलबुल असली भित्री पाखरंही बिऱ्हाड करतात, कारण तिथे कावळा फिरकत नाही. इंग्रजीत याला ड्राँगो म्हणतात. शब्द मादागास्करकडचा. पण ऑस्ट्रेलियात कुणाला ड्राँगो म्हटलं तर त्याचा अर्थ होतो ठोंब्या. तिथे १९२०च्या दशकात या नावाचा शर्यतीचा घोडा होता. तो ३७ शर्यती पळाला आणि एकही जिंकला नाही. घोड्याच्या पराभवामुळे पाखराचं नाव बुडालं. आमच्या कोतवालाला हे कळलं तर तो समुद्र ओलांडून टोचा मारायला जाईल.

मायणीच्या तलावावर थंडीत वारकरी यायचे. अंग काळं, चोच पांढरी आणि चोचीवरून कपाळापर्यंत गेलेलं पांढरं गंध. थव्यानं पाण्यावर पसरले की दिंडी उतरल्यासारखं दिसायचं. उडायचं म्हटलं की आधी पाण्यावर लांबवर धावत सुटतात, पावलांचा फटफट आवाज होतो. फक्त एक गोष्ट या नावाला शोभत नाही. हे फार भांडतात. एकमेकांच्या अंगावर पाण्यातून धावून जातात, पाय वर करून लाथा घालतात. माउलींच्या नावाला बट्टा. वडील म्हणायचे, पंगतीला उशीर झाला की खरे वारकरीही थोडंफार असंच करतात.

आता गाव म्हटलं की गावाची उतरंड आली, हे मला कळतं. यातली कितीतरी नावं आपण माणसांवर फेकून मारलेली आहेत. पाखराचं बरं आहे. खाटीक खाटकाच्याच घरी जन्मतो, पण त्याला शेजारच्या फांदीवर कुणी बसू नको म्हणत नाही, आणि म्हटलं तरी तो ऐकणाऱ्यातला नाही.

बायकांचं काय, हा प्रश्न मला बऱ्याच उशिरा पडला. हिशेब करायला बसले तर या गावात कामाच्या बायका दोनच. एक सुगरण, दुसरी नाचण. एकीनं रांधावं, दुसरीनं नाचावं. नाचण म्हणजे शेपटीचा पंखा उघडून फांदीवर गिरक्या घेणारा चिमुकला पक्षी. त्यात नरही तितकाच नाचतो, त्यामुळे तिचं एकवेळ सोडून देऊ. सुगरणीची गोष्ट मात्र गमतीची आहे. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला लोंबणारी ती घरटी, ज्यांच्यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या सुगरणीचं कौतुक करत आलो, ती विणतो नर. गवताची, भाताच्या पातीची लांब पट्टी चोचीनं ओढून काढतो, गाठ मारतो, झोका करतो, मग त्याला शिरस्त्राणासारखा आकार देतो आणि तिथे अर्धवट थांबतो. थांबतो, कारण आता मादी येऊन पाहणी करणार. ती आत शिरते, ओढून बघते. पसंत पडलं तर तो खालची नळी विणून काम पुरं करतो. नाही पडलं तर ती उडून शेजारच्याचं बघायला जाते. ती पसंत करून अंड्यांवर बसली की हे महाशय दुसरं घरटं विणायला घेतात, दुसरीसाठी. आणि नाव मात्र सुगरण.

याच्या बरोबर उलट शिंपी. तळमजल्यावरच्या काकूंच्या वाफ्यात वांग्याचं झाड आहे. मे महिन्यात एक दिवस त्यांनी हाक मारली, "अगं ये, माझ्या वांग्याला कुणीतरी टाके घातलेत." आम्ही दोघं खाली पळालो. एक मोठं पान कडेनं आत वळलेलं होतं, पुडी बांधावी तसं. कडेला बारीक भोकं, प्रत्येक भोकातून पांढरा धागा आरपार. धागा म्हणजे कोळ्याचं जाळं आणि कापसाचे तंतू. सलग शिवण नव्हती ती. प्रत्येक टाका सुटा. बाहेरच्या बाजूला तंतू पिंजून फुलल्यासारखे झाले होते, त्यामुळे ते भोकातून परत मागे सरकत नव्हते. गाठ नाही, तरी टाका पक्का. पान शिवलं होतं पण मेलं नव्हतं, देठाला धरून हिरवंगार होतं. आत बोटभर जागेत कापूस भरलेला. आम्ही हात लावला नाही, चार पावलं मागे जाऊन बसलो. दहा मिनिटांनी ती आली. अंगठ्याएवढी, डोक्यावर तांबूस टोपी, शेपटी ताठ उभी, चोचीत जाळ्याचा पुंजका. पानाच्या कडेला लटकून तिनं चोच आत खुपसली, बाहेर काढली, पुन्हा खुपसली. नर वरच्या फांदीवर बसून आपल्या आकाराच्या दसपट मोठ्या आवाजात ओरडत होता. या जातीत शिवणकाम बहुतेक मादीच करते. नाव मात्र शिंपी. म्हणजे आपण बाईच्या कामाला पुरुषाचं नाव दिलं आणि पुरुषाच्या कामाला बाईचं. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "नवीन काय त्यात?"

काही नावं मात्र धंद्यावरून आलेली नाहीत, नुसत्या खोडीतून आली आहेत, आणि ती मला फार आवडतात. वटवट्या. चष्मेवाला, कारण डोळ्यांभोवती पांढरं कडं. भांगपाडी मैना, काळ्या केसांचा चापूनचोपून भांग पाडल्यासारखी. हळदी-कुंकू बदक, काळ्या चोचीच्या टोकाला हळद आणि मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके. आणि गप्पीदास! झुडपाच्या शेंड्यावर बसलेला, खांद्यावर पांढरा पट्टा टाकलेला काळा पक्षी. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्याच नावाचे एक काका असल्यासारखं वाटलं होतं. एकदा एका पक्षीनिरीक्षणाच्या सहलीत सगळे हळू आवाजात इंग्रजी नावं घेत चालले होते आणि मी न राहवून ओरडले, "तो बघा गप्पीदास!" पुढच्या चार-पाच जणांनी मागे वळून माझ्याकडेच बघितलं. गप्पीदास उडून गेला ही त्यातली खरी शिक्षा.

सातभाईंना इंग्रज सात बहिणी म्हणाले. आपल्याकडे भाऊ. थव्यात सात असतातच असं नाही, पण कलकलाट सातांचाच. एकानं चरायचं, एकानं वर बसून पहारा करायचा, आणि घरट्यातल्या पिलाला सगळ्यांनी मिळून भरवायचं, हा त्यांचा शिरस्ता. याचा फायदा कोण घेतो, तर पावशा. जूनच्या तोंडावर जो आभाळाकडे चढत जाणाऱ्या सुरात "पेरते व्हा, पेरते व्हा" म्हणतो तो. हिंदीत तोच "पी कहाँ" विचारतो. बंगालीत तो "चोख गेलो" म्हणतो, म्हणजे डोळा गेला. इंग्रजांना उकाड्यात झोप न लागल्यामुळे त्यात "ब्रेन फीव्हर" ऐकू आलं. ज्याला ज्याची काळजी, त्याला ते ऐकू येतं. आज्जी मात्र "पेरते व्हा" ऐकलं की चिडायची. "ह्याला काय जातंय सांगायला? बियाणं कोण दील, ह्याचा बा?" तिला तेव्हा माहीत नव्हतं की तिचा राग अगदी योग्य जागी होता. सगळ्या मुलखाला पेरा म्हणून सांगणारा पावशा स्वतः घरटं बांधत नाही. मादी सातभाईंच्या घरट्यात अंडं घालते आणि सातही भाऊ त्या पोराला वाढवतात.

एक नाव मात्र परक्यानं दिलं आणि आपल्या नावानं दिलं. डोक्यावर पिवळसर टोपी, नराच्या टोपीला मागे लाल तुरा, पाठीवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची गर्दी, अशा छोट्या सुताराला इंग्लंडातल्या जॉन लॅथम यांनी १८०१ साली शास्त्रीय नाव दिलं, त्यात शब्द आहे 'महरॅटेन्सिस'. मराठ्यांच्या मुलखातला. पुढच्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावानं वसईच्या तहावर सही केली. मुलूख गेला, सुतार राहिला. आजही त्याला मराठी पुस्तकांत मराठा सुतार म्हणतात. आमच्या मागच्या वाळलेल्या सुबाभळीवर तो अधूनमधून येतो, आणि मी कितीही ठरवलं तरी "आले का मराठे?" असं तोंडातून निघतंच.

सुट्टी संपता संपता भाच्याला नावं ठेवायचा छंद लागला. धंदे त्याच्या ओळखीचे हवे होते. कोतवालाचा त्यानं सिक्युरिटीकाका केला, ते ठीकच होतं. पार्किंगमधून छाती काढून फिरणाऱ्या साळुंकीला चेअरमन म्हटलं. मग एक दिवस गच्चीत उभा राहून तो बराच वेळ समोरच्या तारेकडे बघत होता. तारेवर वेडा राघू बसला होता, हिरवा, शेपटीतून दोन काड्या बाहेर आलेला. झेप घ्यायचा, हवेत वळसा घालून माशी टिपायचा, आणि परत त्याच तारेवर त्याच जागी येऊन बसायचा. मग माशी तारेवर आपटायचा, घासायचा. मी सांगितलं, "असा सारखा जातो आणि परत येतो म्हणून त्याला वेडा म्हणतात. खरं तर मधमाशी गिळण्याआधी तिचा काटा घासून काढतो, एवढा शहाणा आहे."

"वेडा नाहीये मग," तो म्हणाला. "हा केबलवाला आहे. सारखा येऊन तार चेक करतो."

मला ते नाव इतकं पटलं की मी लगेच वहीत लिहून घेतलं. आमचा केबलवाला गेल्या दिवाळीपासून पैसे न्यायला आलेला नाही, ते मी त्याला सांगितलं नाही.